न आलेल्या रुग्णाचीही मोजणी: एचआयव्ही बाह्यरुग्ण सेवेचा दर्जा कसा तपासावा

एचआयव्हीच्या बाह्यरुग्ण विभागाचा वार्षिक अहवाल उघडला की पहिल्याच पानावर बहुधा एक आकडा ठळक छापलेला असतो: व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, आटोक्यात असलेल्या रुग्णांची टक्केवारी. तो आकडा ९५ असेल तर सगळ्यांना बरे वाटते आणि ७० असेल तर सारवासारव सुरू होते. मात्र ही टक्केवारी काढताना छेदात कोणाला धरले, असे विचारले की उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि दर्जाचे मोजमाप नेमके तिथेच फसते.

समजा, एका सहामाहीत २०० जणांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार, सुरू केली. बारा महिन्यांनंतर त्यांपैकी १५० जण त्याच विभागात उपचार घेत आहेत. उरलेल्या ५० पैकी १० जण दुसऱ्या केंद्रात गेले असून तिथे ते दाखल झाल्याची खात्री झाली आहे, ८ जणांचा मृत्यू झाला आहे आणि ३२ जणांचा ठावठिकाणा नाही. उपचार घेणाऱ्या १५० पैकी १२० जणांची व्हायरल लोड तपासणी झाली आणि ११४ जणांचा विषाणू आटोक्यात आढळला. आता ११४ भागिले १२० केले तर ९५ टक्के येतात, ११४ भागिले १५० केले तर ७६ टक्के येतात, आणि सुरुवातीच्या २०० मधून खात्रीने बदलून गेलेले १० वजा करून ११४ ला १९० ने भागले तर ६० टक्के येतात. तिन्ही आकडे खरे आहेत. पहिला आकडा ज्यांचे रक्त प्रयोगशाळेत पोहोचले त्यांच्याविषयी बोलतो, दुसरा जे विभागात येत आहेत त्यांच्याविषयी, आणि तिसरा ज्यांची जबाबदारी विभागाने स्वीकारली होती त्या सर्वांविषयी. सेवेचा दर्जा मोजायचा असेल तर तिसऱ्या आकड्यापासून सुरुवात करावी आणि इतर दोन आकडे त्याच्या शेजारी, आपापल्या छेदासह लिहावेत.

काय मोजायचे ते आधी ठरवावे

वैद्यकीय सेवेच्या दर्जाचा विचार रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी करण्याची पद्धत अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली मांडली, आणि आजही तिच्याइतकी सोयीची चौकट दुसरी नाही. रचना म्हणजे औषधांचा साठा, प्रशिक्षित कर्मचारी, दार बंद करून बोलता येईल अशी खोली, प्रयोगशाळेपर्यंत नमुना पोहोचवण्याची सोय. प्रक्रिया म्हणजे योग्य वेळी योग्य तपासणी, योग्य औषध, योग्य समुपदेशन. परिणाम म्हणजे विषाणूवरील नियंत्रण, मृत्यू, संधिसाधू (प्रतिकारशक्ती घटल्यामुळे जडणारे) आजार आणि रुग्णाच्या आयुष्याची प्रत.

रचनेचे मोजमाप सर्वांत सोपे असते आणि म्हणून अहवालांत तेच भरमसाठ आढळते. माझ्या मते त्यातली एकच गोष्ट दर महिन्याला न चुकता मोजण्यासारखी आहे: महिन्यातील किती दिवस एआरटीचे एखादे नेहमीचे औषध संपलेले होते. बाकीची यादी वर्षातून एकदा तपासली तरी भागते. परिणाम सर्वांत मोलाचे असतात, पण त्यांवर विभागाच्या हाताबाहेरच्या अनेक गोष्टींचाही प्रभाव पडतो. प्रक्रियेचे निर्देशक मात्र उद्या सकाळी काय बदलावे हे सांगतात. त्यामुळे पाच-सहा प्रक्रिया आणि दोन-तीन परिणाम एवढेच निवडावेत. चाळीस निर्देशक निवडणारा विभाग पुढे फक्त तक्ते भरत बसतो.

जागतिक स्तरावरील ९५-९५-९५ हे लक्ष्य आणि एका विभागाचा दर्जा यांची गल्लत करू नये. त्या लक्ष्यातील पहिला आकडा एचआयव्हीसह जगणाऱ्या सर्व व्यक्तींपैकी किती जणांना आपली स्थिती ठाऊक आहे याविषयी असतो, दुसरा निदान झालेल्यांपैकी उपचारावर असलेल्यांविषयी आणि तिसरा उपचारावर असलेल्यांपैकी विषाणू आटोक्यात असलेल्यांविषयी. ही लोकसंख्येची मोजणी आहे. बाह्यरुग्ण विभागाला साऱ्या लोकसंख्येचा छेद ठाऊक नसतो, पण त्याच्याकडे दुसरी एक गोष्ट असते जी लोकसंख्येच्या सर्वेक्षणाकडे नसते: प्रत्येक रुग्णाचा तारखांसह इतिहास.

छेद बांधण्याची रीत

प्रत्येक निर्देशकासाठी एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात आणि मोजणी संपेपर्यंत त्यांत बदल करू नये: मोजणीचा कालावधी, छेदात कोण येतो, छेदातून कोणाला वगळायचे आणि अंशात कोण धरला जातो. कालावधी ३१ डिसेंबरला संपत असेल तर माहिती १ जानेवारीला काढू नये, कारण डिसेंबरमध्ये घेतलेल्या रक्ताचे अहवाल तोवर आलेले नसतात आणि दुसऱ्या केंद्रात गेलेल्यांची पोच मिळायलाही वेळ लागतो. दोन-तीन महिने थांबून मग माहिती गोठवावी आणि ती गोठवल्याची तारीख अहवालात नमूद करावी.

संपर्क तुटलेला रुग्ण कोणाला म्हणायचे, यावर सर्वाधिक वाद होतात. ठरलेल्या तारखेला न आलेल्या रुग्णाला काही कार्यक्रम २८ दिवसांनंतर, तर काही ९० दिवसांनंतर या गटात टाकतात. दोन्ही व्याख्या वापरात आहेत, पण वर्षाच्या मध्यात एकीवरून दुसरीवर उडी मारली तर मागील वर्षाशी तुलना निरर्थक ठरते. दिवसांची मोजणी शेवटच्या भेटीपासून करू नये. रुग्णाकडील औषध ज्या दिवशी संपायला हवे होते त्या दिवसापासून ती करावी, कारण तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेलेला माणूस चाळीस दिवस दिसला नाही तर त्यात त्याची काहीच चूक नसते.

वगळण्याच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. दुसऱ्या केंद्रात बदली झालेल्या रुग्णाला छेदातून वगळावे, पण तेथून दाखल झाल्याची पोच आली असेल तरच. ‘गावी गेला’, ‘नातेवाइकांनी सांगितले’ अशा नोंदींवरून बदली धरली की छेद आतून पोखरला जातो. मृत रुग्ण छेदातच राहतात. उपचार सुरू झाल्यानंतर झालेला मृत्यू हा सेवेच्या परिणामांचाच भाग असतो आणि त्याला वगळणे म्हणजे सर्वांत वाईट परिणाम मोजणीबाहेर ठेवणे होय. संपर्क तुटलेल्यांचा माग घेणाऱ्या अभ्यासांत वारंवार असे दिसले आहे, की त्यांपैकी काही जण मरण पावलेले असतात, काही जण कोणालाही न सांगता दुसऱ्या केंद्रात उपचार घेत असतात आणि उरलेल्यांनी उपचार खरोखरच सोडलेले असतात. सगळ्यांचा माग घेणे शक्य नसेल तर त्यांतून चिठ्ठ्या टाकून २०-२५ जण निवडावेत, त्यांचा शोध मात्र पूर्ण जिद्दीने घ्यावा, आणि त्यातून मिळालेले प्रमाण उरलेल्यांना लावून अंदाज काढावा. वरवर दोनशे फोन लावण्यापेक्षा हे काम अधिक विश्वसनीय ठरते.

व्हायरल लोड: मर्यादा, रिकामे रकाने आणि त्यानंतरची वाट

विषाणू आटोक्यात आहे असे कधी म्हणायचे, ते तपासणीच्या मर्यादेवर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने एका मिलिलिटर रक्तात विषाणूच्या १,००० प्रती ही सीमारेषा दीर्घकाळ वापरली आहे, अनेक देशांतील दर्जाचे निर्देशक २०० प्रतींची रेषा धरतात आणि नेहमीच्या प्लाझ्मा (रक्तातील द्रवाच्या) तपासणीत ५० पेक्षा कमी प्रती आढळल्या तर विषाणू सापडला नाही असे साधारणपणे मानले जाते. नमुना वाळलेल्या रक्ताच्या थेंबाचा असेल तर कमी संख्येतील विषाणूंबाबत ती तपासणी पुरेशी भरवशाची नसते, त्यामुळे तिथे १,००० ची रेषाच वापरावी. एकाच अहवालात दोन प्रकारचे नमुने मिसळलेले असतील तर ते वेगळे दाखवावेत.

व्हायरल लोडला एवढे महत्त्व का, हे तक्ता भरणाऱ्यालाही माहीत असायला हवे. उपचारामुळे लैंगिक जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो असे एचपीटीएन ०५२ या चाचणीने २०११ साली दाखवले. त्यानंतरच्या पार्टनर अभ्यासात विषाणू नियंत्रित असलेल्या व्यक्तीकडून, कंडोमशिवाय संबंध असतानाही, जोडीदाराला संसर्ग झाल्याचे एकही प्रकरण आढळले नाही. म्हणजे हा आकडा रुग्णाच्या प्रकृतीबरोबरच त्याच्या नात्यांविषयी, मुलाबाळांच्या निर्णयाविषयी आणि मनावरच्या ओझ्याविषयीही काही सांगतो. मोजणी करताना ‘तुमचा रिपोर्ट चांगला आहे’ एवढेच सांगितले, की त्याचा अर्थही समजावून दिला, याची नोंद पाहावी.

ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांचे काय करायचे? अमेरिकेतील रायन व्हाइट या एचआयव्ही सेवा कार्यक्रमासाठी वापरल्या जाणाऱ्या निर्देशकात, वर्षभरात एकदा तरी भेट दिलेल्या रुग्णाचा त्या वर्षातला व्हायरल लोड अहवालच नसेल तर त्याला आटोक्यात नसलेल्यांत धरतात. हा नियम कठोर वाटतो, पण त्यामुळे तपासणी न करण्याचे बक्षीस कोणालाच मिळत नाही. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी एकदा तपासणी व्हावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, त्यामुळे ‘देय असलेली तपासणी वेळेत झाली का’ हा स्वतंत्र निर्देशक ठेवणे सोपे जाते.

खरा कस मात्र वाढलेला व्हायरल लोड आढळल्यानंतर लागतो. माझ्या अनुभवात बहुतेक विभाग या टप्प्यावर ढिले पडतात आणि अहवालात त्याचा मागमूसही नसतो. गेल्या वर्षभरात १,००० च्या वर अहवाल आलेल्या सर्व रुग्णांची एक यादी करावी आणि प्रत्येकासमोर तारखा लिहाव्यात: रक्त घेतले ती तारीख, अहवाल विभागात आला ती तारीख, रुग्णाला तो सांगितला ती तारीख, औषध नियमित घेण्याविषयीच्या समुपदेशनाच्या तारखा, पुनर्तपासणीची तारीख आणि औषध बदलण्याचा किंवा न बदलण्याचा निर्णय झाला ती तारीख. पुनर्तपासणी सुमारे तीन महिन्यांनी अपेक्षित असते. यादी पूर्ण झाली की गळती कुठे होते ते डोळ्यांना दिसते. एका ठिकाणी मी अशी यादी केली तेव्हा अहवाल वेळेत येत होते, समुपदेशकही तत्पर होता, पण आलेले अहवाल एका खोक्यात केसपेपर क्रमांकानुसार लावून ठेवले जात आणि रुग्ण पुढच्या नियमित भेटीला येईपर्यंत ते कोणी उघडत नसे. तपासणीची टक्केवारी तिथे उत्तम होती.

या यादीतील कालावधींची सरासरी काढू नये, कारण दोन-चार फार लांबलेले रुग्ण सरासरी ओढून नेतात आणि दोन-चार फार चटकन झालेले ती झाकून टाकतात. मध्यक, म्हणजे सर्व कालावधी क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्यावा, आणि त्यासोबत दहातला सर्वांत उशिरा झालेला एक जण किती दिवस थांबला तेही द्यावे. निर्णयाविषयी एक सावधगिरी बाळगावी: डोल्युटेग्रावीर हे एआरटीतील औषध असलेल्या उपचारात विषाणूने औषधाला दाद न देण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते, त्यामुळे पुनर्तपासणीनंतर औषध बदलले नाही म्हणून सेवा कमी दर्जाची असे सरसकट म्हणता येत नाही. निर्णय कारणासह नोंदवलेला आहे का, एवढेच तपासावे.

गोळ्यांचा हिशेब

रुग्णाला ‘गोळ्या नियमित घेता ना?’ असे विचारून मिळालेली उत्तरे दर्जाच्या मोजणीत फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण विचारणाऱ्याला काय ऐकायचे आहे हे विचारण्याच्या पद्धतीवरूनच कळते. औषध देणाऱ्या फार्मासिस्टच्या नोंदवहीतून याहून चांगली माहिती मिळते. एका रुग्णाने पहिल्या दिवशी ३० गोळ्या नेल्या. त्याने ३१व्या दिवशी यायला हवे होते, पण तो ३९व्या दिवशी आला आणि ३० गोळ्या घेऊन गेला. पुढे ६९व्या दिवशी, म्हणजे अगदी वेळेवर, तो पुन्हा आला. तीन महिन्यांत त्याने तीन वेळा औषध नेले, त्यामुळे नोंदवहीवर वरवर नजर टाकली तर सारे सुरळीत दिसते. पण ९० दिवसांपैकी ३१ ते ३८ हे आठ दिवस त्याच्या हाती औषध नव्हते, म्हणजे औषधाने झाकलेले दिवस ८२ आणि प्रमाण ९१ टक्के. सर्व रुग्णांसाठी हे प्रमाण काढता आले तर उत्तमच. ते जमत नसेल तर औषध संपण्यापूर्वी किंवा संपण्याच्या दिवशी पुढचे औषध नेणाऱ्यांची टक्केवारी काढावी. विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका आगाऊ ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या निर्देशकांत वेळेवर औषध नेणे आणि औषधसाठा न संपणे हे दोन्ही आहेत, आणि दोन्ही एकाच नोंदवहीतून निघतात.

भेटी किती झाल्या यापेक्षा काय झाले ते पाहावे

दर सहा महिन्यांच्या टप्प्यात किमान एक वैद्यकीय भेट आणि दोन भेटींमध्ये किमान ६० दिवसांचे अंतर, असा सलग २४ महिन्यांचा निर्देशक बराच काळ वापरला गेला आहे. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला सहा-सहा महिन्यांची औषधे एकदम देण्याची पद्धत रूढ होत असताना या निर्देशकाची धार बोथट होत चालली आहे. ज्या विभागाने स्थिर रुग्णांचे हेलपाटे वाचवले तो विभाग भेटींच्या मोजणीत मागे पडतो आणि ज्याने दरमहा रांगेत उभे केले तो पुढे दिसतो, हे विचित्र आहे. म्हणून सातत्याची मोजणी प्रत्येकाच्या ठरलेल्या वेळापत्रकाशी ताडून करावी, आणि स्थिर असूनही दरमहा बोलावले जाणारे किती जण आहेत, हा उलट बाजूचा प्रश्नही विचारावा.

नव्याने निदान झालेल्यांसाठी निदानापासून उपचार सुरू होईपर्यंतचे दिवस मोजावेत. सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) कितीही असोत, उपचार सर्वांना द्यावेत ही शिफारस २०१५ पासून आहे, आणि निदान पक्के झाल्यावर सात दिवसांच्या आत, तसेच रुग्ण तयार असेल तर त्याच दिवशी, एआरटी सुरू करावी असे २०१७ पासून सुचवले जाते. क्षयरोगजन्य किंवा क्रिप्टोकॉकल (एका बुरशीमुळे होणाऱ्या) मेंदूज्वराचा संशय असेल तर मात्र थांबणे हेच योग्य असते, त्यामुळे उशिरा सुरू झालेल्या प्रत्येक प्रकरणातील कारण वाचल्याशिवाय त्याला त्रुटी म्हणू नये. ज्यांच्या सीडी४ पेशी २०० च्या खाली आहेत त्यांची यादी वेगळी ठेवावी. क्रिप्टोकॉकल प्रतिजनाची (रक्तातील त्या बुरशीच्या अंशाची) तपासणी, को-ट्रायमॉक्साझोल हे संसर्ग टाळणारे औषध आणि क्षयरोगाची तपासणी या तीन गोष्टी अशा प्रत्येकाला मिळाल्या का, हे नमुना न काढता एकूण एक केसपेपर पाहून तपासावे. मृत्यू याच गटात सर्वाधिक होतात आणि त्यांची संख्या सहसा एवढी मोठी नसते की नमुना काढावा लागावा.

क्षयरोगाचा रकाना आणि वजनाचा काटा

खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे, ही चार लक्षणे प्रत्येक भेटीत विचारावीत असा नियम आहे, आणि केसपेपरवर त्यांसाठी चौकटी छापलेल्या असतात. या चौकटी भरल्या आहेत का, एवढेच मोजले तर जवळपास सर्वत्र शंभर टक्के येतात. एकदा केसपेपर चाळताना माझी नजर क्षयरोगाच्या चौकटीवरून शेजारच्या वजनाच्या रकान्यावर गेली. सहा भेटी, जवळजवळ दीड वर्षाचा काळ, आणि प्रत्येक भेटीत ५२ किलो. शाई एकच, अक्षर एकच, आणि चारही लक्षणांसमोर ‘नाही’. पुढचा केसपेपर उघडला तर तिथे सहाही वेळा ६० किलो होते. वजनाचा काटा कोपऱ्यात होता आणि त्यावर फाइलींचा गठ्ठा ठेवलेला होता.

तेव्हापासून मी एक साधी चाचणी वापरतो. किमान चार भेटी झालेले ३० केसपेपर घ्यावेत आणि प्रत्येकात सलग भेटींतील वजनाचे आकडे तंतोतंत सारखे आहेत का ते पाहावे. खऱ्या माणसाचे वजन थोडेफार वरखाली होतच असते. ज्या विभागात ते कधीच बदलत नाही, तेथील क्षयरोगाच्या लक्षणांच्या नोंदींवरही विश्वास ठेवता येत नाही, कारण वजन घटणे हे त्या चारांतील एक लक्षण असते. रक्तदाबाबाबतही हेच करता येते: सर्व नोंदी १२०/८० असतील तर यंत्र न वापरताच रकाना भरला जात आहे असे समजावे.

लक्षण आढळलेल्यांपैकी किती जणांची पुढील तपासणी पूर्ण झाली आणि लक्षणे नसलेल्यांपैकी किती पात्र रुग्णांनी क्षयरोग प्रतिबंधक उपचार सुरू करून पूर्ण केले, हे दोन आकडे चौकटींपेक्षा मोलाचे आहेत. ‘सुरू केले’ आणि ‘पूर्ण केले’ वेगळे लिहावे. हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मूत्रपिंडाची तपासणी, मधुमेह, रक्तदाब यांचे निर्देशक स्थानिक मार्गदर्शक सूचनांनुसार ठरवावेत. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी वयाच्या २५व्या वर्षापासून, एचपीव्ही डीएनए (त्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू शोधण्याच्या) पद्धतीने दर तीन ते पाच वर्षांनी व्हावी अशी शिफारस आहे, पण बाह्यरुग्ण विभागांच्या मोजणीतून हीच गोष्ट सर्वांत सहज निसटते, कारण ती तपासणी दुसऱ्या विभागात होते आणि तिची नोंद परत येत नाही.

नमुना आणि वाचन

संगणकावर सर्वांची माहिती असेल तर नमुना काढण्याची गरज नाही, पण संगणकातील माहिती कागदाशी जुळते का हे पाहण्यासाठी काही केसपेपर हाताने वाचावेच लागतात. नमुना काढायचा तो नोंदणी क्रमांकांच्या पूर्ण यादीतून, चिठ्ठ्या टाकून किंवा ठराविक अंतराने क्रमांक घेऊन काढावा. त्या दिवशी आलेल्या रुग्णांच्या फाइली टेबलावर असतात म्हणून त्याच वाचल्या, तर जे नियमित येतात तेच पुन्हा मोजले जातात आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो.

शंभर केसपेपरांत ८० टक्के आले तर खरे प्रमाण साधारण आठ टक्के वर किंवा खाली असू शकते, आणि चारशे वाचले तर ही अनिश्चितता चार टक्क्यांवर येते. लहान विभागात २० पैकी १८ जणांचा विषाणू आटोक्यात असेल तर ९० टक्के लिहिताना, खरे प्रमाण ७० ते ९७ च्या दरम्यान कुठेही असू शकते हे ध्यानात ठेवावे. एवढ्या लहान संख्येत टक्केवारी न लिहिता ‘२० पैकी १८’ असेच लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

केसपेपर वाचणाऱ्या दोन व्यक्तींनी आधी दहा-पंधरा केसपेपर स्वतंत्रपणे वाचून उत्तरे ताडून पाहावीत. जिथे मतभेद होतात तिथे बहुधा निर्देशकाची व्याख्या ढिली असते. रकाना रिकामा असेल तर ‘झाले नाही’ असे धरायचे की ‘माहिती नाही’, हा निर्णयही याच वेळी लिहून ठेवावा. माझे मत असे की मोजणीत ‘झाले नाही’ धरावे आणि रिकाम्या रकान्यांची संख्या बाजूला द्यावी.

या साऱ्यात गोपनीयता दुय्यम ठरू देऊ नये. मोजणीच्या तक्त्यात नाव, पत्ता, फोन क्रमांक नसावेत, फक्त मोजणीपुरता दिलेला क्रमांक असावा, आणि तो नोंदणी क्रमांकाशी जोडणारी यादी कुलूपबंद राहावी. एखाद्या गटात चार-पाचच व्यक्ती असतील तर तो गट अहवालात वेगळा छापू नये, कारण आकड्यावरूनही माणूस ओळखता येतो.

रुग्णाचे म्हणणे

विभागातल्याच परिचारिकेने बाहेर पडताना ‘सेवा कशी वाटली?’ असे विचारले तर उत्तर छानच येणार, कारण पुढच्या महिन्याच्या गोळ्या तिच्याच हातून घ्यायच्या असतात. मुलाखत विभागाबाहेरच्या व्यक्तीने, शक्य तर एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि प्रशिक्षण घेतलेल्या सहकाऱ्याने घ्यावी. समाधानाविषयी विचारण्याऐवजी घडलेल्या गोष्टींविषयी विचारावे: आज किती वाजता आलात, डॉक्टरांसमोर किती वाजता बसलात, तुमचे नाव किंवा आजार इतरांना ऐकू जाईल असे कोणी बोलले का, व्हायरल लोडचा शेवटचा आकडा आणि त्याचा अर्थ तुम्हाला सांगितला गेला का, एखादी अडचण सांगायची राहून गेली का. सांगायची राहून गेलेली अडचण बरेच काही उघड करते. उपचार सोडण्याची कारणे बहुधा तिथेच सापडतात: कामावरून सुटी मिळत नाही, घरात गोळ्या लपवाव्या लागतात, रांगेत ओळखीचे भेटतात.

तुलना आणि बदल

आकडे आले की ते फोडून पाहावेत. किशोरवयीन मुले, गरोदर स्त्रिया, नुकतेच उपचार सुरू केलेले आणि भेदभाव सोसणारे गट यांचे आकडे एकूण टक्केवारीत विरघळून जातात. किशोरवयीनांत विषाणू आटोक्यात असण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा बहुतेक ठिकाणी कमी असते, आणि त्यांची संख्या लहान असल्याने एकूण आकडा तरीही देखणा राहतो. दोन विभागांची तुलना करताना मात्र सावध असावे: ज्याच्याकडे फार उशिरा निदान झालेले आणि गंभीर अवस्थेतील रुग्ण पाठवले जातात, त्याचे आकडे चांगल्या सेवेनंतरही खाली राहतात. विभागाची तुलना शक्यतो त्याच्या स्वतःच्या मागील महिन्यांशी करावी.

त्यासाठी दर महिन्याचा बिंदू दाखवणारा साधा आलेख पुरतो. मध्यकाची आडवी रेषा काढावी आणि सलग सहा किंवा अधिक बिंदू तिच्या एकाच बाजूला आले तर काहीतरी खरोखर बदलले आहे असे मानावे. एका महिन्याच्या चढउतारावर बैठका घेऊ नयेत. बदल करायचा तो एका वेळी एकच आणि छोटा करावा. वर सांगितलेल्या खोक्याच्या बाबतीत, आलेल्या अहवालांतून १,००० च्या वरचे त्याच दिवशी वेगळे काढून समुपदेशकाच्या टेबलावर ठेवायचे, एवढा एकच बदल दोन आठवडे करून पाहावा, तारखांची यादी पुन्हा भरावी, अंतर घटले तर तो कायम करावा आणि न घटले तर दुसरा उपाय करावा.

अहवाल पुढे पाठवण्यापूर्वी मोजणीत सापडलेल्या व्यक्तींच्या याद्या ज्यांच्या हाती कृती आहे त्यांच्याकडे द्याव्यात: वाढलेला व्हायरल लोड असूनही पुनर्तपासणी न झालेल्यांची यादी समुपदेशकाकडे, औषध संपून २८ दिवस उलटलेल्यांची यादी माग काढणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, आणि सीडी४ २०० च्या खाली असून तपासण्या राहिलेल्यांची डॉक्टरांकडे. माग काढणाऱ्याने फोनवर फक्त स्वतःचे नाव सांगावे, रुग्णाने पूर्वी संमती दिलेल्या क्रमांकावरच बोलावे, दुसऱ्या कोणी फोन उचलला तर विभागाचे नाव घेऊ नये, आणि प्रत्येक प्रयत्नाची तारीख, वेळ व निष्पत्ती त्याच यादीत लिहावी, म्हणजे पुढच्या मोजणीच्या वेळी छेदातील त्या ३२ जणांसमोरचे रकाने रिकामे राहणार नाहीत.